पिवळ्या खडूनं लिहिलेला गुरुवार

मी आयुष्यभर टीव्हीत काम केलं, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझा चेहरा निरखून बघतो. ओळखीचा वाटत नाही म्हणून मग जरा नाराज होतो. त्याचं चुकत नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पडद्यावर एक क्षणही आलो नाही. माझं काम पडदा चालू ठेवायचं.

मानोरा गावाजवळच्या एका टेकाडावर सरकारी टीव्हीचं प्रक्षेपण केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक जनरेटर, अंगणात खळ्याएवढी मोठी तबकडी आणि तिच्याशेजारी लाल-पांढरा टॉवर. आकाशातल्या उपग्रहाकडून आलेलं चित्र तबकडीनं झेलायचं, आतल्या यंत्रानं त्याला बळ द्यायचं आणि टॉवरवरून आजूबाजूच्या गावांत सोडून द्यायचं. टॉवरजवळच्या गावांत चित्र स्वच्छ दिसे, लांबच्या गावांत मुंग्या दिसत, आणि त्याहीपलीकडे नुसता आवाज ऐकून लोक समाधान मानत. आम्ही कार्यक्रम बनवत नव्हतो, निवडत नव्हतो, बदलू तर मुळीच शकत नव्हतो. गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाचं असतं तसं आमचं होतं. धरण त्याचं नसतं, पण शिव्या त्यालाच.

हे लोकांना मी कितीदा समजावलं असेल. पण टॉवर आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे आणि त्याखाली एक माणूस डबा घेऊन रोज आत जातो, म्हणजे नाटकात कोण मरणार हे तोच ठरवतो, यावर पंचक्रोशीचं एकमत होतं. ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ ही पाटी पडद्यावर आली की ती मीच हातानं धरून उभा आहे, अशीही काहींची समजूत होती.

धनजच्या गुलाबरावांचंच बघा. हे वांगी-कोबी पिकवणारे बागायतदार. एकदा रविवारचं नाटक ऐन शेवटच्या अंकात असताना त्यांच्या गावची लाईट गेली. दुसऱ्या दिवशी हा माणूस मानोऱ्याच्या बाजाराचं निमित्त काढून केंद्रावर हजर.

“साहेब, त्या दोन भावाईचं पुढं काय झालं?”

विहिरीवरून भांडलेल्या दोन भावांचं नाटक होतं. खरी गोष्ट अशी की नाटक चालू असताना मी ते पाहत नसे. मी यंत्रावरचे काटे पाहत असे. दर तासाला दहा-बारा आकडे नोंदवहीत लिहायचे, यंत्र तापलं तर पंखा वाढवायचा, विजेचा दाब खाली आला तर जनरेटरकडे पळायचं. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी बेधडक सांगितलं, “समेट झाला. धाकटा थोरल्याच्या घरी गेला, दोघं एका ताटात जेवले.”

गुलाबराव खूश होऊन गेले. सहा-सात महिन्यांनी तेच नाटक पुन्हा लागलं, आणि त्यात भाऊ शेवटपर्यंत एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. गुलाबराव पुन्हा आले. मी मान खाली घातली.

“तुमी सांगतला थो शेवट कुठचा होता?” त्यांनी विचारलं.

“माझा होता.”

ते म्हणाले, “म्या त्या शेवटाच्या भरवशावर माह्या भावाच्या घरी जाऊन आलो ना. आता बोलचाल सुरू झाली. थे काय बंद करू?” जाताना त्यांनी पिशवीतून चार वांगी काढून खिडकीत ठेवली. ठाऊक नसलेली गोष्ट ठासून सांगायची माझी खोड त्या दिवशी मोडायला हवी होती. वांग्यांमुळे ती आणखी बळावली.

आता फळ्याबद्दल सांगतो, कारण माझी खरी नोकरी काट्यांची असली तरी माझं नाव झालं ते फळ्यावर.

मुख्य केंद्राकडून दर आठवड्याला टपालानं पुढच्या कार्यक्रमांची यादी येत असे. कोणत्या वारी संगीतसभा, कोणत्या वारी नाटक, माहितीपट कधी. ती यादी फायलीला लावण्यासाठी होती. पण लोक रोज फाटकाशी येऊन विचारत, म्हणून मी पत्र्याचा एक तुकडा काळा रंगवला, फाटकाला अडकवला आणि त्यावर आठवडा लिहू लागलो. माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतो, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत.

यादीत काही कार्यक्रमांपुढे बारीक फुली असे. म्हणजे ऐनवेळी बदल होऊ शकतो. खेड्यातल्या माणसाला फुली कळणार नाही म्हणून मी दोन रंग ठरवले. फुलीवाला कार्यक्रम पांढऱ्या खडूनं, बिनफुलीचा पिवळ्यानं. पिवळं म्हणजे पक्कं. ही पद्धत इतकी रुजली की एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात लोक विचारत, “आयतवारचं नाटक पिवळं हाये का पांढरं?” एका घरानं तर रविवारचं नाटक पिवळं दिसलं म्हणून पोरगी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना सोमवारी या म्हणून निरोप धाडला. पाहुणेही तक्रार न करता सोमवारी आले, कारण नाटक त्यांनाही पाहायचं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेसुद्धा रस्त्यावरून जाताना रंग पाहून जात. मला त्याचा अभिमान वाटायचा. साहेबलोकांना कागदावर जमलं नाही ते मी दोन खडूंत केलं, असं मी बायकोला सांगत असे. ती म्हणायची, “मग भाजीच्या डब्यांनाही लावा रंग.”

त्याच काळात पोहरादेवीच्या जत्रेत माहितीपट काढणारी मंडळी आली होती. रामनवमीच्या गर्दीत त्यांना आमच्या टेकाडापलीकडच्या तांड्यातल्या दोन बायका गाताना सापडल्या. सोनीबाई आणि जमनाबाई, दोघी सख्ख्या जावा. सोनीबाई धाकटी, चाळिशीच्या आतली, बोलायला फटकळ. जमनाबाई थोरली, फार कमी बोलणारी. गाण्यात मात्र उलटं होतं. सोनीबाई ओळ सुरू करून द्यायची आणि जमनाबाई ती वर नेऊन पुरी करायची. त्या वरच्या आवाजासाठी लोक थांबत. कॅमेरावाल्यांनी दोघींना तांड्यात नेऊन अर्धा दिवस गाऊन घेतलं, “टीव्हीवर येईल” म्हणून सांगितलं आणि गेले.

तेव्हापासून सोनीबाई महिन्यातून दोनदा फाटकाशी उभी. मला ती टावरभाऊ म्हणायची.

“टावरभाऊ, आमचं कवा दाखवता?”

“अहो, मी नाही दाखवत. वरून आलं की दिसेल.”

“वरून त पानी बी येते. थे बी सांगून येत नाई.”

पावसाळा गेला, दसरा-दिवाळी झाली. तांड्यातली माणसं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादम ट्रक आणतो, त्यात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं भरतात आणि अर्धा तांडा रिकामा होतो. होळीलाच परत. त्या वर्षी ट्रक बुधवारी सकाळी निघणार होता. आणि त्या आठवड्याच्या यादीत मला तो माहितीपट दिसला. गुरुवार, संध्याकाळी सहा. पुढे फुली.

मी फळा लिहायला बसलो आणि सोनीबाई आली. या वेळी जमनाबाईही सोबत होती आणि सोनीबाईचा नवरा लालसिंग, जो तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख होता. कुणीतरी आधीच बातमी पोचवली होती. लालसिंग म्हणाला, “साहेब, मुकादमाले म्या दोन दिवस थांबवतो. पन थो असा आयकनार नाई. पक्कं असन तरच थांबवतो. पक्कं हाये का?”

मला फुली दिसत होती. कागद माझ्या मांडीवर होता. फुली असलेले दहातले नऊ कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच होत, हेही मला माहीत होतं. पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं की जमनाबाई, जी माझ्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती, ती माझ्या हाताकडे पाहत होती. मी कोणता खडू उचलतो ते ती पाहत होती.

मी पिवळा उचलला.

गुरुवारी मी केंद्रावर होतो. तांड्यात लालसिंगच्या घरी बॅटरीवर चालणारा एकच टीव्ही, त्यापुढे सगळा तांडा बसलेला. सामान बांधून झालेलं, मुकादम फुरफुरत बसलेला. हे मला नंतर कळलं. सहाला पाच कमी असताना निवेदिका आली आणि म्हणाली की काही कारणानं कार्यक्रमात बदल केला आहे. मग सतारीची मैफल सुरू झाली.

माझ्यासमोर सतरा बटणं होती. त्यातलं एकही सोनीबाई-जमनाबाई दाखवा असं नव्हतं. मी मुख्य केंद्राला फोन लावला, लागला नाही. लागला असता तरी काय बोललो असतो? सतार माझ्याच यंत्रातून, माझ्याच हातानं, त्या तांड्यात जात होती आणि मी नेहमीप्रमाणे काटे लिहीत होतो. सगळे आकडे उत्तम होते. त्या संध्याकाळी यंत्र इतकं चांगलं चाललं की मला त्याचा राग आला.

शुक्रवारी सकाळी ट्रक टेकाडाखालच्या रस्त्यानं निघाला. तो चढावर हळू होतो. मी फाटकात उभा होतो. लालसिंगनं तोंड फिरवलं. सोनीबाई सामानावर बसली होती, तिनं ट्रक थांबवायला लावला.

“टावरभाऊ, आमी तासभर बसलो. थो बाबा सतार चांगली वाजवत होता. म्हनलं याचं झालं की आमचं येईन. मंग बातम्या लागल्या.”

मी म्हणालो, “चुकलं माझं.”

“तुमचं कायले? वरून नाई आलं, तुमी काय करान?” माझंच वाक्य तिनं मला परत दिलं. ते टोचलं.

जमनाबाई तिच्यामागे बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फाटकावरच्या फळ्याकडे बोट केलं. मी तो पुसायचाच विसरलो होतो.

“रंग त तोच हाये,” ती म्हणाली. ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच. ट्रक गेला.

दोन दिवस उशिरा पोचल्यामुळे त्यांच्या टोळीला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभारायला चांगली जागा मिळाली नाही. पाटाच्या कडेला, ओलीत सबंध हंगाम काढावा लागला. हे मला होळीनंतर समजलं. कुणी तक्रार म्हणून सांगितलं नाही, बोलता बोलता निघालं.

त्या शुक्रवारनंतर मी पिवळा खडू वापरला नाही. सगळा आठवडा पांढरा. लोक कुरकुरले. “पक्कं असं काहीच नाई का आता?” मी म्हणायचो, “नाही.” फळ्याचा मान कमी झाला आणि पुढे पुढे लोक विचारायचेही बंद झाले.

सहाएक आठवड्यांनी, कुठल्याही यादीत नसताना, एका भर दुपारी तो माहितीपट लागला. मी केंद्रावर एकटा होतो. त्या दिवशी मी काट्यांकडे पाठ करून बसलो, आकडे नंतर अंदाजानं लिहिले. सगळ्या नोकरीत नोंदवहीत केलेली तेवढी एक लबाडी. आधी माळ दिसला, मग पोहरादेवीची गर्दी, मग तांडा. सोनीबाईनं ओळ सुरू केली. कॅमेरा जमनाबाईवर गेला, तिचा चेहरा सगळ्या पडद्यावर आला, तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तिथे एका पुरुषाचा भारदस्त आवाज सुरू झाला, या समाजाची लोकपरंपरा किती प्राचीन आहे वगैरे. जमनाबाईचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झालेली दिसत होती. ऐकू मात्र तो माणूस येत होता. तो गप्प झाला तेव्हा पडद्यावर सूर्य मावळत होता.

होळीला तांडा परतला. मी स्वतः गेलो, सांगितलं की दाखवलं, मी पाहिलं. बायका भोवती जमल्या. ओढणीचे आरसे चमकत होते का, शेळी मध्ये आली होती ती दिसली का, सगळं विचारून झालं. मी खरं खरं सांगितलं. शेवटी मागून जमनाबाईनं विचारलं, “माहा आवाज पुरा आला का?”

मी म्हणालो, “पुरा आला. अगदी शेवटपर्यंत.”

तिनं मान हलवली आणि चूल पेटवायला गेली.

पुन्हा दाखवा म्हणून मी मुख्य केंद्राला एक पोस्टकार्ड टाकलं. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. दुसरं कार्ड मी टाकलं नाही. टाकायला काय झालं होतं, असं आज स्वतःला विचारतो. पुन्हा दाखवलं असतं तर माझी थाप उघडी पडली असती, हे एक कारण असावं. चार-पाच वर्षांनी जमनाबाई गेली. तिनं स्वतःला पडद्यावर कधीच पाहिलं नाही.

पुढे घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाईल आले. आमच्या टॉवरचं चित्र कुणी पाहीना. मी निवृत्त झालो आणि काही वर्षांनी केंद्रच बंद झालं. तबकडी भंगारात गेली. टॉवर अजून आहे, त्यावर मधमाश्यांचं मोहोळ आहे.

पण खोड जात नाही. सरकारी वाहिनीचे येत्या आठवड्याचे कार्यक्रम आता मोबाईलवर येतात, आणि मी दर शनिवारी ते चष्मा लावून वाचतो. कोणतं जुनं नाटक, कुणाची मैफल, कोणता माहितीपट. सून म्हणते, “बाबा, पाहायचं तर काहीच नाही, नुसतं वाचता.” यंदा पितृपक्षाच्या सुमारास जुन्या माहितीपटांची मालिका सुरू झाली, आणि एका शनिवारी त्यात मला तो दिसला. रविवार, सकाळी दहा.

मी स्कूटर काढली आणि तांड्यावर गेलो. सोनीबाई आता सत्तरीला टेकली आहे. लालसिंग राहिला नाही. ऊसतोडीला मुलगा-सून जातात, ती नातवंडं सांभाळते. तिला सांगितलं.

“पक्कं हाये का?” तिनं विचारलं.

“पांढऱ्या खडूचं आहे,” मी म्हणालो.

ती हसली. पुढचे दोन दात नाहीत. “मंग बसू. आलं त आलं.”

परत येताना माझ्या लक्षात आलं की मी ज्या कार्यक्रमाची वर्दी द्यायला गेलो होतो, त्यात माझी थापही प्रक्षेपित होणार आहे. रविवारी घरी बसावं असं फार वाटलं. पण गेलो.

दहा वाजले. निवेदन नाही, बदल नाही. माळ दिसला, जत्रा दिसली, तांडा दिसला. पडद्यावर चाळिशीच्या आतली सोनीबाई गायला लागली तशी नातवंडं ओरडली, तिनं त्यांना गप्प केलं. मग जमनाबाई आली. सोनीबाई पुढे सरकली. जमनाबाईनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तो माणूस बोलायला लागला.

सोनीबाई त्याचं सगळं ऐकत राहिली. सूर्य मावळला, नावं सरकू लागली. ती माझ्याकडे वळली.

“तुमी त पुरा आला म्हनून सांगतलं होतं तिले.”

“हो.”

“म्हंजे खोटं सांगतलं.”

“हो.”

मी सरकणाऱ्या नावांकडे बघत राहिलो. ती म्हणाली, “थे सारखी सांगे. बाई, माहा आवाज पुरा गेला म्हने, पार मुंबईवरून फिरून आला. मरेस्तोवर सांगे.” मग पदरानं तोंड पुसलं. “बरं केलं टावरभाऊ. खरं सांगून काय देनार होते तुमी तिले?”

टीव्हीवर खताची जाहिरात लागली होती. नातवानं विचारलं, बंद करू का. सोनीबाईनं त्याला हातानं थांबवलं, घसा साफ केला आणि जमनाबाईचा भाग म्हणायला लागली. तिचा आवाज तेवढा वर जात नाही. दोनदा फाटला, तिथे ती थांबली, पुन्हा मागून धरलं आणि शेवटपर्यंत नेलं.

मी सवयीनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा वाजून एकतीस मिनिटं ते दहा वाजून चौतीस. केंद्राची नोंदवही आता कुठे पडली आहे कुणास ठाऊक, म्हणून ही नोंद इथे करतो आहे. व्यत्यय आला नाही.